घरच्या फोनची आणि संगणकाची राखण



या पानावर आम्ही एरवी कीड, खते, पाऊसपाणी आणि पथ्यपाणी यांविषयी लिहितो. या वेळचा विषय वेगळा वाटेल, पण तोही घरच्या कमाईच्या राखणीचाच आहे. काजूबियांचे पैसे आता पुष्कळांच्या खात्यात परस्पर जमा होतात. नारळाचे गिऱ्हाईक माडाखाली उभे राहूनच फोनवरून पैसे पाठवते. गृह आधार आणि दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेची रक्कम बँकेत पडते. बोटीवर किंवा आखातात असलेला मुलगा तिकडूनच घरखर्च भरतो. पूर्वी जी पुंजी लाकडी पेटीत कपड्यांच्या घडीखाली असे, तिची किल्ली आता खिशातल्या फोनमध्ये आहे. हरमल, मांद्रे, मोरजी या किनाऱ्यावरच्या गावांत खोल्या भाड्याने देणाऱ्या घरांचा बराचसा व्यवहार फोनवरच चालतो. साखळी, मये, शिरगावकडील घरांतही मुलांच्या शिक्षणासाठी संगणक आला आहे.

पेटीची राखण आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक होती. फोनची आणि संगणकाची राखण आपल्याला शिकून घ्यावी लागेल. ती अवघड नाही. इंग्रजी फारसे येत नसले, वय सत्तरीच्या पुढे गेले असले, तरी ती जमण्यासारखी आहे, कारण तिचा मोठा भाग आपल्या वागण्यात आहे.

चोर शिरतो कोठून

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये संगणकावरून हल्ला झाला. ११ आणि १३ ऑगस्ट या दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. चोरांनी बँकेच्या एटीएम यंत्रणेत शिरून खोटी मंजुरी देणारी व्यवस्था उभी केली आणि अनेक देशांतील एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे काढून घेतले. अशा हल्ल्याला मोठी तयारी लागते, जाणकार माणसे लागतात.

पेडण्यातील एका शेतकऱ्याच्या खात्यातील चाळीस हजारांसाठी एवढी मेहनत कोणी घेत नाही. त्याला नुसता फोन करतात. घरगुती पैसा कुलूप फोडून क्वचितच जातो. बहुतेक वेळा चोर किल्ली मागतो आणि आपण ती देतो. आपण भोळे किंवा अडाणी असतो म्हणून देतो असे नाही. शिक्षक, डॉक्टर, निवृत्त अधिकारी यांनीही दिली आहे. देण्याचे कारण एकच असते: समोरचा आपल्याला विचार करायला वेळ देत नाही. कधी भीती घालतो, कधी लोभ दाखवतो, पण 'आत्ताच्या आत्ता' हे दोन्हीकडे असतेच.

म्हणून या लेखात बारीकसारीक पुष्कळ सांगितले असले तरी मूळ सांगणे एवढेच आहे: पैशाच्या कामात जो घाई करतो, त्याला थांबवावे. खरे काम एक रात्र थांबल्याने बिघडत नाही. बँक उद्याही जागेवरच असते, कृषी कार्यालयही असते. खोटे काम मात्र एका रात्रीत उघडे पडते, आणि ते चोराला ठाऊक असते.

चार सोंगे

पेडणे भागात ज्यांनी दशावतार पाहिला आहे त्यांना माहीत आहे की सोंग बदलले तरी आतला माणूस तोच असतो. या चोरांची सोंगे पुष्कळ, पण आपल्या घरांकडे विशेष येणारी चार आहेत.

पहिले सोंग वीज खात्याचे. मागचे बिल नोंदलेले नाही, आज रात्री वीज तोडली जाईल, अमुक अधिकाऱ्याला लगेच फोन करा, असा संदेश येतो. फोन केला की तो 'अधिकारी' एक ॲप घ्यायला लावतो आणि नोंद दुरुस्त करण्यासाठी फक्त दहा रुपये भरा म्हणतो. ते ॲप आपल्या फोनचा पडदा त्याला दूरवरून दाखवत असते. दहा रुपयांसाठी आपण जे काही दाबतो ते सारे तो पाहतो, आणि नंतर खाते रिकामे करतो. येथे कायदा जाणून घ्यावा. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे, थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी ग्राहकाला पूर्ण पंधरा दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. आज संदेश आणि आज रात्री अंधार, असे कायद्यात बसत नाही. शंका वाटली तर बिलाचा कागद घेऊन पेडणे किंवा डिचोलीच्या वीज कार्यालयात जावे.

दुसरे सोंग सरकारी योजनेचे. पंतप्रधान किसान सन्मान निधी ही योजना २०१९ मध्ये सुरू झाली. पात्र शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये, तीन हप्त्यांत मिळतात. हप्ता अडकला आहे, माहिती भरा, असे सांगून व्हॉट्सॲपवर एक फाइल येते. तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' अशी तीन अक्षरे असतात. ही फाइल म्हणजे चित्र नव्हे, पत्रही नव्हे. ते एक पूर्ण ॲप असते. दाबले की ते फोनमध्ये बसते आणि संदेश वाचण्याची परवानगी मागते. ती दिली की बँकेकडून येणारा ओटीपी आपल्याआधी चोराच्या हाती पडतो. लग्नाची पत्रिका, वाहनाचा दंड अशा नावांनीही याच फाइली फिरतात. उद्या फेस्ताचे आमंत्रण म्हणूनही येईल. ओळखीच्या माणसाच्या नंबरावरून आली तरी उघडू नये, कारण त्याचा फोन आधीच बिघडलेला असू शकतो. योजनेचे काम सरकारी संकेतस्थळावर, सरकारी सेवा केंद्रात किंवा विभागीय कृषी कार्यालयात करावे.

तिसरे सोंग गिऱ्हाईकाचे. खोली भाड्याने द्यायची आहे, जुना पंप विकायचा आहे, मिरची किंवा मानकुराद आंबे विकायचे आहेत, अशी जाहिरात दिली की एक फार सभ्य माणूस फोन करतो. पुष्कळदा तो स्वतःला लष्करातील अधिकारी म्हणवतो. भाव करत नाही, माल पाहत नाही, लगेच आगाऊ रक्कम देतो म्हणतो. मग एक क्यूआरचे चौकोनी चित्र पाठवतो आणि पैसे मिळण्यासाठी ते स्कॅन करून पिन दाबा म्हणतो. येथेच खोट आहे. यूपीआयची सोय २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हापासून नियम एकच आहे: पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पिन लागतो तो पैसे देण्यासाठी आणि शिल्लक पाहण्यासाठी. पूर्वी अनोळखी माणूस यूपीआयवरून 'पैसे द्या' अशी मागणी पाठवू शकत असे. व्यक्ती-व्यक्तींमधील ही सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे. क्यूआरची युक्ती मात्र चालूच आहे. तसेच 'चुकून पाच हजार जास्त पाठवले, परत करा' असा फोन आला तर आलेल्या संदेशावर भिस्त ठेवू नये. आपल्या बँकेच्या ॲपमध्ये किंवा पासबुकात रक्कम खरोखर आली आहे का, ते पाहावे.

चौथे सोंग पोलिसाचे, आणि हे सर्वांत घातक. तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले, तुमच्या आधारवर गुन्हा नोंदला आहे, असे सांगून व्हिडिओवर वर्दीतला माणूस दिसतो. मागे कचेरीचा देखावा असतो. तो म्हणतो, तुम्हाला 'डिजिटल अटक' झाली आहे, घरातल्या कोणालाही सांगू नका, फोन बंद करू नका, पैसे तपासणीसाठी आमच्या खात्यात भरा. आपल्या देशाच्या कोणत्याही कायद्यात अशी अटक नाही. पोलीस, सीमाशुल्क खाते, न्यायालय, यांपैकी कोणीही व्हिडिओवरून अटक करत नाही आणि निर्दोष ठरवण्यासाठी पैसे मागत नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या रेडिओवरील भाषणात या फसवणुकीबद्दल लोकांना सावध केले, आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकारांची स्वतःहून दखल घेतली. 'कोणाला सांगू नका' हे शब्द कानी पडताच फोन ठेवून द्यावा आणि शेजाऱ्याला हाक मारावी.

याच सोंगाचा एक प्रकार परदेशी मुले असलेल्या घरांना विशेष जपण्यासारखा आहे. तुमचा मुलगा तिकडे पकडला गेला आहे, अपघातात सापडला आहे, असे सांगून त्याचा रडका आवाजही ऐकवतात. माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल आता संगणकावर करता येते. बोटीवरचा मुलगा कधी कधी दोन-दोन दिवस फोनवर मिळत नाही, आणि त्याच खिंडीत चोर गाठतो. म्हणून मुलगा घरी असतानाच एक खुणेचा शब्द ठरवून ठेवावा, जो घराबाहेर कोणाला माहीत नसेल. त्याच्या कंपनीच्या आणि एजंटाच्या कचेरीचा नंबरही वहीत लिहून ठेवावा.

फोनविषयी सहा नियम

खालील नियम मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून फोन चार्ज करतो त्या जागी भिंतीला लावावेत, अशी आमची सूचना आहे.

१. ओटीपी, पिन आणि कार्डामागचे तीन आकडे कोणालाही सांगू नयेत. बँकेचा माणूस ते कधीच विचारत नाही.

२. पैसे घेताना पिन दाबू नये.

३. व्हॉट्सॲपवर आलेले ॲप बसवू नये. ॲप फोनमधल्या अधिकृत दुकानातूनच घ्यावे, आणि तेथेही नाव नीट वाचून.

४. बँकेचा किंवा गॅसवाल्याचा नंबर इंटरनेटवर शोधून जो पहिला दिसेल तो फिरवू नये. चोर तेथे आपले नंबर पेरून ठेवतात. पासबुकावर, कार्डाच्या मागे, बिलावर छापलेला नंबर घ्यावा.

५. कोणी सांगितले म्हणून स्टार चिन्हाने सुरू होणारा नंबर फिरवू नये. त्यामुळे आपले फोन दुसरीकडे वळवले जाऊ शकतात.

६. फोनची रेंज गावात सर्वांना असून आपल्यालाच कित्येक तास नसेल, तर आपल्या नंबराचे दुसरे सिम कोणी काढले असण्याचा संभव असतो. दुसऱ्या फोनवरून लगेच कंपनीला आणि बँकेला कळवावे.

बँकेचे संकेतस्थळ ओळखण्याची एक खूणही आता आली आहे. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२५ अखेर सर्व बँकांना आपला पत्ता 'डॉट बँक डॉट इन' या अक्षरांनी संपणारा करायला सांगितले. सरकारी संकेतस्थळे सहसा 'गव्ह डॉट इन' किंवा 'निक डॉट इन'ने संपतात. पत्ता नेहमी शेवटाकडून वाचावा, कारण सुरुवातीला चोर वाटेल ते नाव घालू शकतो.

व्हॉट्सॲपमध्ये 'टू स्टेप व्हेरिफिकेशन' ही सोय आहे. तेथे सहा आकड्यांचा स्वतःचा पिन ठरवता येतो. तो ठेवल्यास केवळ ओटीपी मिळवून कोणी आपला व्हॉट्सॲप पळवू शकत नाही. हे काम दोन मिनिटांचे आहे. घरातल्या मुलाकडून करून घ्यावे.

फोन हरवण्याचाही विचार आधीच करावा. प्रत्येक फोनला पंधरा आकड्यांचा एक क्रमांक असतो. तो खोक्यावर छापलेला असतो. वहीत उतरून ठेवावा. फोन चोरीस गेल्यास पोलिसांत तक्रार देऊन, केंद्र सरकारच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर त्या क्रमांकाने फोन बंद पाडता येतो. आपल्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत, हेही तेथे कळते. आपले नसलेले सिम दिसले तर तेथेच कळवावे.

घरच्या संगणकाची निगा

माडाला लागणारा सोंड्या भुंगा सहसा आधीच्या जखमेतून आत शिरतो. गेंडा भुंग्याने पोखरलेल्या किंवा कोयत्याने घाव बसलेल्या जागी त्याची मादी अंडी घालते, आणि बाहेरून कळेपर्यंत आतला गाभा खाल्लेला असतो. संगणकातले विषाणूही असेच उघड्या जखमेची वाट पाहतात. जुनी, दुरुस्त न केलेली प्रणाली ही पहिली जखम. फुकट मिळते म्हणून घेतलेला चोरटा प्रोग्राम ही दुसरी.

मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा विषाणू दीडशेच्या आसपास देशांत पसरला. तो संगणकातील कागदपत्रांना कुलूप घालून खंडणी मागत असे. ज्या भोकातून तो शिरत होता ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्ट कंपनीने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती घेतली त्यांच्या यंत्रांवर त्या भोकातून तो शिरू शकला नाही. संगणक बंद करताना 'अपडेट' असे येते, ते कंटाळून पुढे ढकलू नये.

आपल्या पुष्कळ घरांत 'विंडोज १०' असलेले जुने संगणक आहेत. त्यांची नेहमीची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. काही काळ जादा दुरुस्ती मिळण्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते. संगणक नव्या प्रणालीला योग्य आहे का, ते जाणकाराकडून पाहून घ्यावे. योग्य नसेल तर तो मुलांच्या लिहिण्या-वाचण्यासाठी ठेवावा, पण बँकेचे काम त्यावर करू नये.

पासवर्ड लांब असावा. जन्मसाल, मुलाचे नाव, गाडीचा नंबर घालू नये. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडले तर लक्षातही राहतात आणि ओळखताही येत नाहीत. बँकेचा पासवर्ड दुसरीकडे वापरू नये. लक्षात राहत नसतील तर वहीत लिहून ती वही कुलपात ठेवावी. सगळीकडे एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा ते बरे. मात्र पिन फोनच्या मागे चिकटवणे म्हणजे दाराला किल्ली टांगून बाहेर जाणे होय.

कागदपत्रांची आणि छायाचित्रांची दुसरी प्रत ठेवावी, आणि ती ज्यात ठेवली ती वस्तू संगणकाला कायम जोडलेली नसावी. जोडलेली असली तर विषाणू तिलाही कुलूप घालतो. बियाण्याची सगळी रास आपण एकाच कणगीत ठेवत नाही, तसेच हे.

पडद्यावर एकाएकी मोठा आवाज होऊन 'तुमचा संगणक बिघडला, या नंबरवर फोन करा' असे आले, तर फोन करू नये. संगणक सरळ बंद करावा. खरा विषाणू आपला फोन नंबर देत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या पावसाची. मेच्या शेवटी आणि ऑक्टोबरात आपल्याकडे विजा फार कडकडतात. अशा वेळी संगणकाची आणि इंटरनेटच्या डब्याची वायर भिंतीतून काढून ठेवावी. नुसते बटण बंद करणे पुरत नाही.

आधार, अंगठा आणि एक-चौदा

आधारकार्डाची झेरॉक्स आपण कोठेही देतो. दिलीच पाहिजे तेथे द्यावी, पण तीवर कोणत्या कामासाठी, कोणत्या तारखेला दिली, ते आडवे लिहावे. आधारच्या संकेतस्थळावरून पहिले आठ आकडे झाकलेली प्रतही काढता येते.

अंगठा लावून पैसे काढण्याची सोय म्हाताऱ्या माणसांना उपयोगी आहे, पण तीत ओटीपी लागत नाही. काही राज्यांत ठशांची रबरी नक्कल करून चोऱ्या झाल्या आहेत. जे या सोयीचा वापर करत नाहीत त्यांनी आधारच्या ॲपवर आपल्या ठशांना कुलूप लावावे. लागेल तेव्हा ते थोडा वेळ उघडता येते. ही माहिती १९४७ या नंबरवर मिळते. अंगठा लावल्यावर 'उमटला नाही, पुन्हा लावा' असे कोणी म्हटले तर पावती मागावी आणि खात्यातून किती गेले ते पाहावे.

इंटरनेटचा उपयोग राखणीसाठीही होतो, याचे उदाहरण म्हणजे जमीन. बनावट कागद करून जमिनी लाटल्याच्या तक्रारींवरून गोवा सरकारने जून २०२२ मध्ये विशेष तपास पथक नेमले, आणि नंतर निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा चौकशी आयोगही नेमला. ज्यांचे मालक परदेशी होते किंवा हयात नव्हते, अशा जमिनींवर या लोकांचा विशेष डोळा होता. सेटलमेंट अँड लँड रेकॉर्ड्स खात्याच्या सरकारी संकेतस्थळावर आपल्या सर्वेक्षण क्रमांकाचा एक-चौदाचा उतारा पाहता येतो. वर्षातून दोनदा, पेरणीपूर्वी आणि नाताळच्या सुमारास, तो पाहावा. ज्यांचे भाऊ-बहीण लंडनला किंवा आखातात आहेत त्यांनी त्यांच्या भाटाचाही पाहावा. भलतेच नाव दिसले तर त्याच आठवड्यात मामलेदार कचेरी आणि वकील गाठावा.

तरुणांसाठी दोन शब्द

परदेशात संगणकावरचे सोपे काम, मोठा पगार, अशा जाहिरातींनी भारतातले पुष्कळ तरुण थायलंडमार्गे म्यानमारला नेले गेले. तेथे त्यांना कोंडून, त्यांच्याकडूनच लोकांना फसवणारे फोन करवून घेतले. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने पाचशेहून अधिक जणांना विमानाने परत आणले. परदेशी नोकरीचा एजंट नोंदणीकृत आहे का, ते केंद्र सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर पाहता येते. बोटीच्या नोकरीसाठी एजंटाकडे जहाजवाहतूक महासंचालनालयाचा परवाना हवा. तो पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

दुसरे, 'तुझे खाते महिनाभर वापरू दे, कमिशन देतो' असे कोणी म्हटले तर ते चोरीचे पैसे फिरवण्यासाठी असते. खाते ज्याचे, पोलीस प्रथम त्याच्या दारात येतात. हे काम गुन्हा आहे.

घडलेच तर काय करावे

एवढे करूनही फसवणूक होऊ शकते. मग वेळेला किंमत आहे. चोरापाशी घाई असते म्हणून आपण थांबावे असे आम्ही वर सांगितले. पैसे गेल्यावर मात्र घाई आपण करायची.

सर्वप्रथम १९३० हा नंबर फिरवावा. हा सर्व देशासाठीचा सरकारी नंबर आहे. तेथील माणूस आपली रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक लिहून घेतो आणि ती नोंद पैसे ज्या बँकेत गेले तिच्याकडे लगेच पोहोचते. पैसे तेथे असतील तर ते रोखले जातात. पुढच्या बँकेत गेले असतील तर नोंद त्यांच्या मागे जाते. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून दहांत नेतो आणि शेवटी एटीएममधून काढतो. त्याने काढण्यापूर्वी नोंद पोहोचली तरच उपयोग. म्हणून रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये.

त्याबरोबरच आपल्या बँकेच्या नंबरवर फोन करून खाते आणि कार्ड बंद करवावे. नंतर 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन' या संकेतस्थळावर तक्रार भरावी किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात जावे. गोवा पोलिसांचे सायबर गुन्ह्यांसाठीचे खास ठाणे रायबंदर येथे आहे. आलेले संदेश, नंबर, चित्रे पुसू नयेत. रागाने किंवा लाजेने पुष्कळजण सारे पुसून टाकतात आणि पुरावा जातो.

बँकेची जबाबदारी काय, याचे नियम रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये घालून दिले. त्यांचे सार असे: चूक बँकेचीही नाही आणि आपलीही नाही, मधल्याच कोठल्या त्रुटीमुळे पैसे गेले, आणि आपण तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर नुकसान आपल्यावर पडत नाही. आपण स्वतः ओटीपी किंवा पिन दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान आपले, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे कोणत्याही बाजूने पाहिले तरी लवकर कळवणेच हिताचे. कळवल्याचा तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून घ्यावी. आणि 'गेलेले पैसे परत मिळवून देतो, थोडी फी भरा' असा फोन नंतर आला, तर तोही त्याच टोळीचा समजावा.

लाज नको

हे पान आरोग्याचेही आहे, म्हणून शेवटी हे लिहितो. फसवणुकीत पैशांपेक्षा माणूस अधिक खचतो. झोप जाते, जेवण जात नाही, आपणच मूर्ख ठरलो असे मन खात राहते. पुष्कळ वृद्ध माणसे मुलांना सांगत नाहीत, कारण मुले रागावतील, फोन काढून घेतील अशी भीती असते. आणि न सांगण्यातच १९३० वर फोन करण्याचे मोलाचे तास निघून जातात. चोराला हीच लाज हवी असते.

म्हणून घरातल्या कर्त्या मुलांना आमचे कळकळीचे सांगणे आहे. आईने किंवा पप्पांनी असे काही सांगितले तर पहिला शब्द रागाचा काढू नका. पहिले काम फोन फिरवण्याचे करा. 'आधी का नाही विचारलेस?' हे त्या दिवशी विचारू नका. विचारले तर पुढच्या वेळी तुम्हाला काहीच कळणार नाही. मन फारच खचले असेल, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर 'टेली मानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस मोफत चालू असतो. शेजारच्या घरी असे घडल्याचे कळले तर नुसती चर्चा न करता जाऊन बसावे, तक्रारीचा कागद भरायला मदत करावी.

या आठवड्यात एवढे करा. १९३० हा नंबर फोनमध्ये आणि भिंतीवर लिहा. घरचा खुणेचा शब्द ठरवा. व्हॉट्सॲपचा पिन लावा. फोनचा पंधरा आकडी क्रमांक वहीत उतरवा. जमिनीचा उतारा पाहा. आणि घरात ज्यांना हे वाचता येत नाही त्यांना रात्रीच्या जेवणानंतर हे पान वाचून दाखवा.